दूरयानावरचा बोक्या

बोक्याला ते वाक्य शेवटपर्यंत ऐकायला मिळालं नाही. झालं, सांगून टाकलं. आता हे सांगितलंच नाही असं धरून चालू. त्याच्या घरातही मंडळी असंच धरून चालतात. नाहीतर सकाळी उठून दात घासायला कुणाचे हात वळतील?

तर अजून काहीच झालेलं नाही. सुट्टीची दुपार आहे, पडदे ओढलेले आहेत, आणि बोक्या, त्याची आई आणि त्याचे बाबा एका सोफ्यावर दाटीवाटीने बसून ‘दूरयान’ बघतायत. पुन्हा. पहिल्या भागापासून.

‘दूरयान’ म्हणजे एक अंतराळयान घरी परतायला निघतं आणि अकरा पर्वं संपली तरी पोचत नाही. एवढंच. रिक्षावाल्याला पत्ता नीट सांगितला नाही की जे होतं ते, फक्त मोठ्या प्रमाणावर. मालिका मूळची परक्या भाषेतली. इथे ती आपल्या भाषेत डब करून दाखवली जायची, आणि एके काळी ती लागली की रस्ते ओस पडायचे. निदान बाबांचं तसं म्हणणं आहे. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्या वेळात गिऱ्हाईक यायचं नाही, यावरून त्यांनी सगळ्या रस्त्यांचा अंदाज बांधला होता.

बोक्याची आई या यानाची संगणक होती. म्हणजे संगणकाचा आवाज तिचा. शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात बोक्याने ‘संगणक’ असं लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, “चालवते का?” बोक्या म्हणाला, “नाही बाई, आहे.” बाईंनी त्याला दोन दिवस पहिल्या बाकावर बसवलं.

मागच्या वर्षी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे महत्त्वाचं. ते खरंच होतं. पण आता आईच्या गळ्याला एक छोटं भोक होतं, त्यावर रुमाल असायचा, आणि बोक्या कामावर गेला की घरात बोलणारे एकटे बाबाच उरायचे. ते पहिल्यापासूनच जरा जास्त बोलायचे. आता तर मोकळं रानच मिळालं होतं.

आई पांढऱ्या फळ्यावर लिहून बोलायची. पण तिचा फळ्यावर राग होता. तिचं म्हणणं असं की फळ्यावर लिहून माणसाला रागावता येत नाही. लिहून होईपर्यंत समोरचा उठून जातो. म्हणून तिने दुसरी सोय शोधली होती. रिमोट. अकरा पर्वांतले हुकूम तिला तोंडपाठ होते. जेवायला बोलवायचं असलं की ती दुसऱ्या पर्वातला एक भाग लावायची आणि तिचाच आवाज घरभर घुमायचा: “सर्व विभागांनी मुख्य कक्षात हजर व्हावे.” न्हाणीघराचं दार उघडं राहिलं की: “हवाबंद दरवाजा तात्काळ बंद करावा.” आणि बाबांनी काही ठरवलं की सातव्या पर्वातलं तिचं लाडकं: “कर्णधार, हा निर्णय चुकीचा ठरण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के आहे.”

“उरलेले तीन टक्के आहेत ना,” बाबा म्हणायचे, आणि जे करायचं ते करायचे, आणि ते चुकायचं.

म्हणजे आवाज होता. हुकूम होते. पण संगणक कुणाला लाडाने हाक मारत नाही. अकरा पर्वांत आईच्या तोंडी एकही वाक्य असं नव्हतं, जे एखादी आई मुलाला म्हणेल. एक सोडून.

ती गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की तिच्या कडा झिजल्या होत्या. बोक्या चार वर्षांचा होता. त्याला सांभाळायला कुणी मिळालं नाही म्हणून आई त्याला रेकॉर्डिंगला घेऊन गेली. काचेच्या खोलीत, आपल्या पायाशी, एक स्टूल, एक बिस्किटाचा पुडा आणि सक्त ताकीद: तोंड उघडायचं ते फक्त बिस्किटासाठी. समोर पडद्यावर यान फुटायला आलेलं. आई उलटी मोजणी करतेय. वीस. एकोणीस. तेवढ्यात बोक्याने भिंतीवरच्या उघड्या बटणपट्टीकडे हात नेला, आणि आई त्याच माइकमध्ये ओरडली:

“बोक्या, हात लावू नकोस, मेल्या! इकडे ये, माझ्याजवळ बस!”

आणि श्वाससुद्धा न घेता पुढे म्हणाली, “सतरा.”

ध्वनिमुद्रकाकडून ते कापायचं राहून गेलं. कुणी म्हणतं तो डुलकी घेत होता, कुणी म्हणतं त्याला खरंच वाटलं की यानावर बोक्या नावाचं कुणीतरी आहे. काही का असेना, ते वाक्य जसंच्या तसं घराघरांत ऐकू गेलं.

आता तुम्ही म्हणाल, घरच्या एखाद्या व्हिडिओत आईने बोक्याला हाक मारली नाही का? नाही. घरचे व्हिडिओ आईच काढायची, आणि समोर माइक चालू असला की आपली पाळी येईपर्यंत गप्प राहायचं, ही तिची धंद्यातली सवय. घरच्या सगळ्या व्हिडिओंत बाबा बोलतात. बोक्याच्या सातव्या वाढदिवसाच्या व्हिडिओत त्यांनी केकपेक्षा काचेच्या जाडीवर जास्त वेळ घेतला आहे.

ते वाक्य आईने एकदा फळ्यावर लिहूनही दाखवलं होतं. बोक्याने वाचलं. पण वाचताना ते आईने म्हटल्यासारखं वाटेना, पालिकेने म्हटल्यासारखं वाटलं.

म्हणून हे पुन्हा बघणं. आणि घाई एवढ्यासाठी, की मालिका ज्या अॅपवर दिसायची त्याच्या कंपनीने जाहीर केलं होतं: ‘दूरयान, आता नव्या, ताज्या आवाजात!’ महिना संपला की जुनं डबिंग काढून टाकणार. नव्या डबिंगमध्ये संगणकाचा आवाज एक संगणकच देणार होता. गुणवत्तेवर निवड झाली म्हणायची.

अडचण एकच. भाग कुठला, ते कुणालाच आठवत नव्हतं. आईला हुकूम पाठ होते, मोजण्या नाहीत. “मोजणी असलेला भाग बघायचा, सोपं आहे,” असं बोक्याला आधी वाटलं. पण हे यान दर दुसऱ्या आठवड्याला फुटायला यायचं. पहिल्या तीन पर्वांतच आईने इतक्या वेळा उलटे आकडे मोजले होते की बोक्या चहात साखर टाकतानाही चमचे उलटे मोजू लागला.

“हा कोण?” बाबांनी विचारलं.

“कर्णधार आहे, बाबा.”

“तो तर मेला ना?”

“तो त्याचा भाऊ.”

“मग हा कोण?”

“बाबा, रेकॉर्डिंग चालू आहे.”

कारण बोक्या सगळं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवत होता. निदान हुकूम तरी राहावेत म्हणून. ते राहिलेही, पण प्रत्येकाच्या पाठीमागे बाबा होते. पुढे कधी आईला “प्राणवायूची पातळी घटत आहे” असं म्हणायचं झालंच, तर लगेच बाबांचा आवाज येणार होता: “पण खिडकी उघडा की.”

*

बोक्याने कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. इथे एक सांगायला हवं. बोक्या स्वतः कपडे धुण्याची मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होता. आठ तास कानाला यंत्र लावून तो लोकांचं पाणी कुठून गळतं ते ऐकून घ्यायचा.

“आपली सेवा करण्यात आम्हाला आनंद आहे,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“मलाही असतो,” बोक्या म्हणाला. “जुनं डबिंग काढू नका, एवढंच सांगायचं होतं. निदान थोडं उशिरा काढा. त्यात माझी आई आहे.”

“आपली आई अॅपमध्ये आहे?”

“तिचा आवाज आहे. आणि एका भागात मी आहे. म्हणजे मी बोलत नाही. मी हात लावतो.”

टकटक टाइप केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “सर, आपली भावना आम्ही समजू शकतो. आपली विनंती नोंदवून घेतली आहे.”

नोंदवून घेणं म्हणजे काय, हे बोक्याइतकं कुणाला माहीत असणार? तो स्वतः दिवसभर हेच करायचा. पडद्यावर एक चौकोन असतो, तो रिकामा ठेवता येत नाही, म्हणून त्यात एक पूर्णविराम टाकायचा.

“पूर्णविराम टाकलात का?” त्याने विचारलं.

पलीकडची टकटक थांबली.

“तुम्हीपण यातच आहात?” मुलगी हळूच म्हणाली.

“मशीनवाले. कपडे धुण्याच्या.”

“माझ्या मावशीकडे तुमचंच मशीन आहे. नाचतं हो ते. नाचत नाचत दारापर्यंत जातं.”

“मी नोंदवून घेतो,” बोक्या म्हणाला.

दोघांनी एकमेकांना शुभ दिवस चिंतला आणि कुणाचंच काही झालं नाही.

*

मग जुन्या प्रेक्षकांचा एक गट सापडला. फोनवरचा. दीडशे माणसं, सगळी चाळिशीपुढची, रोज यानाच्या इंजिनावरून भांडणारी. बोक्याने तिथे विचारलं, ते ‘बोक्या’वालं वाक्य कुठल्या भागात आहे? सगळ्यांचं एकच उत्तर आलं: दंतवैद्याला विचारा. त्याच्याइतका अभ्यास कुणाचा नाही. पण तो फोनवर बोलत नाही, दात दाखवायला गेलं तरच भेटतो.

बोक्याचे दात ठणठणीत होते. तो गेला, त्या वाक्याबद्दल विचारत खुर्चीत आडवा झाला आणि दंतवैद्याला लगेच एक किडलेली दाढ सापडली.

“बोक्या ना?” दंतवैद्य त्याच्या तोंडात कापूस कोंबत म्हणाला. “बावीस वर्षं त्यावर काम करतोय मी. आ करा. मोठा. लोक म्हणतात चूक झाली. चूक! एवढ्या मोठ्या मालिकेत? सरळ आहे हो. एकोणीसनंतर सतरा. अठरा कुठे गेला?”

“आ…” बोक्या म्हणाला.

“बरोबर. बोक्याने खाल्ला. बोक्या हा यानावर राहणारा, डोळ्यांना न दिसणारा, काळ खाणारा प्राणी आहे. म्हणून तर यान घरी पोचत नाही. वेळ येत जाते, हा खात जातो. आणि त्याला कोण आवरू शकतं? फक्त संगणक. ती त्याला जवळ बोलावते, बघा. ‘माझ्याजवळ बस.’ माझ्या मते अख्ख्या मालिकेत प्रेमाचा प्रसंग असेल तर तो एवढाच.”

“ई ओ ओक्या,” बोक्या म्हणाला.

“हलू नका. जीभ आत.”

“ईच ओ ओक्या आहे!”

“होय, तोच बोक्या,” दंतवैद्य म्हणाला आणि ड्रिल सुरू केलं.

तिथे पडल्यापडल्या, सांगण्यासारखं सगळं तोंडाशी येऊन कापसात अडकत असताना, बोक्याला पहिल्यांदा कळलं की आई फळ्यावर का चिडते. डोळ्यांत पाणी आलं. दंतवैद्याने विचारलं, “दुखतंय?” बोक्याने मान हलवली. दंतवैद्याने आणखी एक इंजेक्शन दिलं.

कापूस निघाला तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं. “भाग कुठला?” त्याने उरलेल्या अर्ध्याने विचारलं.

“चौथं पर्व. बर्फाच्या ग्रहावर इंजिन गोठतं तो. मला काल बघितल्यासारखा आठवतो. मात्र त्या कंपनीवर मी बघत नाही. रंग फिके केलेत त्यांनी.”

“तुमच्याकडे टेप असेल ना? टीव्हीवरून भरलेली?”

दंतवैद्याने हातमोजे काढले आणि खिडकीबाहेर बघितलं. “होती. बायकोने तिच्यावर आपल्या भावाच्या लग्नाची मेजवानी भरली. तीन तास. लोक जेवतायत. माझा मेहुणा कसा चावतो, मला पाठ आहे.”

*

बोक्या धावतच घरी आला. महिना संपायला अजून अवकाश होता, भाग ठाऊक झाला होता, आणि या घरात पहिल्यांदाच कुठलीतरी गोष्ट वेळेआधी होत होती. त्याने आईला सोफ्याच्या मधोमध बसवलं, बाबांना शपथ घालून गप्प केलं आणि फोन टीव्हीला जवळजवळ चिकटवून ठेवला.

बर्फाचा ग्रह. थर्माकोलचा असावा. इंजिन गोठलं. कर्णधार (किंवा त्याचा भाऊ) दातांवर दात आपटत उभा. लाल दिवा लागला. आणि आईचा आवाज, कोवळा, लखलखीत, प्रत्येक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं:

“इंजिन बंद पडण्यास वीस सेकंद.”

बोक्याने आईचा हात धरला. बाबांनी स्वतःच्या तोंडावर उशी धरली.

“एकोणीस.”

बोक्याला ते स्टूल आठवलं. खरं तर आठवलं नसेल, इतक्या वेळा ऐकलं होतं की आठवल्यासारखं वाटलं. बिस्किटाची चव, काच, आईचा गुडघा.

“अठरा.”

“सतरा.”

“सोळा.”

मोजणी पुढे चालू राहिली. चौदाला कर्णधाराने इंजिनाला लाथ मारली. नऊला इंजिन सुरू झालं. यान वाचलं. सगळे एकमेकांना मिठ्या मारू लागले.

“भाग चुकला,” बोक्या म्हणाला. “दंतवैद्य चुकला. दुसरा असेल.”

आईने त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि मागे नेलं. एकोणीस. अठरा. सतरा. पुन्हा मागे. पुन्हा. तिने डोळे मिटले. आपला आवाज ऐकायचं शिक्षण तिला होतं. तीस वर्षं तिने तोच धंदा केला होता. एकोणीस आणि सतरा कोवळे होते. मधला अठरा जरा जाडा होता. त्याच्या कडेला बारीक खरखर होती. शब्द तोच, बाई तीच, पण वय वेगळं.

आईने कपाळावर हात मारला. मग फळा घेतला.

“हा मी नंतर केला.”

“नंतर म्हणजे?”

“कंपनीने मालिका घेतली तेव्हा. दुरुस्त्या. खूप होत्या. एक कागद देत होते, त्यावर आकडा, तो म्हणायचा, पुढचा घ्यायचा. त्यात असणार.” ती थांबली. पुसलं. पुन्हा लिहिलं. “विसरूनच गेले होते की ही तीच जागा.”

बाबांनी तोंडावरची उशी खाली घेतली. ते काहीतरी म्हणणार हे दिसत होतं, आणि ते न म्हणतील तर बरं हेही दिसत होतं.

“अगं, तू सांगितलं होतंस की मला,” ते म्हणाले. “घरी आलीस तशी. म्हणालीस, आज एक फार जुनी चूक सुधारली, इतकी वर्षं मेली सलत होती. मी म्हटलं, कुठली? तर म्हणालीस, आता काय करायचंय, गेली एकदाची. आपण आइस्क्रीम खायला गेलो. तू दोन खाल्लीस.” त्यांनी उशी मांडीवर घेतली. “तुझा आवाज बसला होता थोडा. मी म्हटलं, आइस्क्रीमने बसला असेल.”

“आवाज आधीच बसलेला आहे,” बोक्या म्हणाला. “अठरामध्ये ऐकू येतोय. आइस्क्रीमच्या आधी.”

तिघांनी टीव्हीकडे बघितलं. पडद्यावर यान बर्फातून वर उठत होतं, घराच्या दिशेने, जिथे ते पोचणार नव्हतं. ऑपरेशनच्या आधी घरात कुणी घशाचं दुखणं ओळखलं नव्हतं, डॉक्टरांनी उशिरा ओळखलं होतं, आणि इथे ते स्वच्छ, महिना दोनशे रुपयांत, कुणालाही ऐकता येत होतं.

“हा कोण?” बाबांनी अगदी हळू आवाजात विचारलं. पडद्यावर कुणीतरी नवीन आलं होतं. सवय म्हणून विचारलं असेल.

बोक्याने मग सगळं केलं, जे करून काही होत नाही. स्टुडिओत फोन केला; तिथे आता गाद्यांचं गोदाम होतं, आणि गादीवाल्याने जुन्या टेपांऐवजी डबल गादीवर सूट देऊ केली. दंतवैद्याला कळवलं की अठरा सापडलाय. तो म्हणाला, “म्हणजे त्याने परत ओकला,” आणि त्यावर नवं काम सुरू केलं. ध्वनिमुद्रकाचा पत्ता काढला, तर तो नुकताच वारलेला होता. त्याच्या मुलीने दार उघडलं आणि म्हणाली, “बाबांना ती चूक फार लागली होती हो. एका बाईंनी ती दुरुस्त केली असं कळलं, तेव्हा त्यांना बरं वाटलं.” बोक्याने तिचे आभार मानले. दुसरं काय मानणार?

आईने त्या दिवसापासून रिमोटला हात लावला नव्हता. जेवायला बोलवायची तर टेबलावर चमचा वाजवायची. बाबांनी तीन चुकीचे निर्णय घेतले आणि एकालाही सत्त्याण्णव टक्के मिळाले नाहीत. ते कानकोंडे होऊन घरात फिरू लागले.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी बोक्या कामावरून लवकर आला. आई टीव्हीसमोर उभी होती, एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात फळा. ती बसली नव्हती. रेकॉर्डिंगला ती कधीच बसायची नाही. बोक्याला बघून तिने मानेवरचा रुमाल सारखा केला आणि नवव्या पर्वातला एक भाग लावला, ज्यात यान पृथ्वीला शेवटचा संदेश पाठवतं आणि पृथ्वीवर तो घ्यायला कुणीच उरलेलं नसतं.

“मुख्य नियंत्रण कक्षास संगणकाची नम्र विनंती,” आईचा आवाज म्हणाला.

तिथे तिने भाग थांबवला आणि फळा वळवून धरला. अक्षर नेहमीपेक्षा मोठं होतं, शेवटच्या बाकावरूनही वाचता येईल असं:

“उलट्या मोजणीतून अठरा हा आकडा कायमचा वगळण्यात यावा, आणि त्या जागी संगणकाला बोक्यावर एकदा ओरडण्याची परवानगी देण्यात यावी.”